गोमुखीतला हात

त्रिपुरी पुनवेच्या सकाळी केशरबाईंनी चुलीवर पुरणाची डाळ चढवली, तेव्हा त्यांच्या मौनाचे शेवटचे काही तास उरले होते. आषाढी पुनवेपासून चार महिने रोजचा नेम होता, उजाडल्यापासून दुपारच्या आरतीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी धरलेलं हे व्रत आज अकराव्या वर्षी फेडायचं होतं. देवघरात पाटावर तिळाची रास घालून तिच्यावर नवी पितळी घंटा ठेवली होती. आरती झाली की ती तीनदा वाजवायची, देवाचं नाव घेऊन तोंड उघडायचं आणि दिवेलागणीला घंटा मारुतीच्या देवळात देऊन यायची, एवढंच उद्यापन.

न बोलणाऱ्या माणसाला घर वेगळं दिसतं. विहिरीच्या तळाशी निवांत बसावं आणि वर काठावरची माणसं हलताना दिसावीत, तसं. त्यांचे आवाज पाण्यातून येतात, कडा झिजून. चकलांब्याच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे, तीही मळ्यातल्या या घरापर्यंत येईतो ओवीसारखी लागायची. केशरबाईंना हे सकाळचं पाणी फार आवडायचं. पण गेल्या चार दिवसांत ते गढूळलं होतं. एरवी त्यांचं मौन म्हणजे देवापुढं ठेवलेला रिकामा तांब्या. आता त्या तांब्यात काहीतरी पडलं होतं आणि जरा हललं की वाजत होतं.

सायली उंबऱ्याशी बसली होती. धाकट्या दिराची, बजरंगची, एकुलती एक लेक. आठ वर्षांची. चुलीचा धूर कवडशात शिरला की त्याचं काय होतं ते ती बघत होती. असं बघणं केशरबाईंना कधी देवापुढंही जमलं नव्हतं. पण तिचे हात तिच्याबरोबर बघत नव्हते. ते एकटेच काहीतरी शोधत होते. फ्रॉकची शिवण उसवत उसवत कमरेपर्यंत आली होती. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, कारण त्याची कातडी तिनं दातानं सोलून काढली होती.

"मणी, गाठ," ती हळूच म्हणाली. "मणी, गाठ. मणी न्हाई."

केशरबाईंच्या हातातली पळी डाळीतच थांबली.

"न्हाईत बाळा, मणी न्हाईत," कणीक तिंबता तिंबता संगीता लेकीला म्हणाली. चार दिवसांत हे ती शंभरदा म्हणाली असेल. तिनं जावेकडं पाहिलं. "आक्का, आज शाळेचे गुरुजी जेवायला यायचेत. पोरीला शाळेत धाडायचं का न्हाई, दादा आज फैसला करणार. आरती झाली की तुमी तेवढं बोला. तुमचं ते ऐकतेत. माजं या घरात कोण ऐकतंय?"

केशरबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

दोन वर्षांमागं पोरीला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या मॅडमनी "ऑटिझम" म्हणून सांगितलं. राधाकिशननी, म्हणजे केशरबाईंच्या मालकांनी, तो शब्द कागदावर लिहून तीन दिवस खिशात जपला आणि मग सदरा धुवायला टाकला. संगीतानं मात्र शब्द सोडून मॅडमचं बोलणं धरून ठेवलं. मॅडम म्हणाल्या होत्या, हिचे हात रिकामे राहिले की हिचं डोकं भरून जातं. हाताला काहीतरी चाळा द्या, मग कान ऐकतील. त्यांनी दाबायचा मऊ चेंडू दिला, तो सायलीनं दोन दिवसांत फोडला. बोटावर फिरणारी चकती दिली, तिची घरघर तिला सोसेना. मग मॅडम म्हणाल्या, लाकडाचे मणी ओवून बघा, फिरवता येतील, चावले तरी चालतील असे.

गेवराईच्या बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानाशिवाय लाकडाचे मणी कुठं मिळणार? संगीतानं तिथून तुळशीचे एकवीस मणी आणले, जाड दोऱ्यात ओवले आणि दर दोन मण्यांमध्ये एक गाठ मारली. सायलीच्या बोटांना ती माळ अशी गवसली, जशी वासराच्या तोंडाला कास गवसते. बाकाखाली माळ फिरायची आणि बाकावर सायली बसायची. दिवाळीच्या आधी शिवशंकर गुरुजींनी तिच्या वहीवर लाल शाईनं लिहिलं होतं, 'आज शेवटपर्यंत बसली.' ते पान संगीतानं अख्ख्या मळ्याला दाखवलं होतं.

केशरबाईंनी ते पान पाहिलं होतं, आणि दुसरंही पाहिलं होतं. लाळेनं ओली झालेली तुळशीची माळ. बाकाखालच्या धुळीत लोळलेली माळ. मोरीत, संडासात, जिथं जाईल तिथं पोरीच्या मुठीत असलेली माळ. त्यांची स्वतःची जपाची माळ लाल, मऊ फलाटीन कापडाच्या गोमुखीत असे. गाईच्या तोंडासारखी शिवलेली ती पिशवी त्यांच्या आईनं लग्नात दिली होती. जप करताना हात आत, माळ आत. फिरती माळ दुसऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. आणि इथं तीच तुळस पोरीच्या दाताखाली! पोर अजाण, तिला काय कळतंय, पण पाप अजाणाला लागत नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय?

म्हणून एकादशीला पहाटे त्यांनी झोपलेल्या सायलीच्या उशाखालून ती माळ काढली. बायकांबरोबर जीपमधून राक्षसभुवनला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर गेल्या. कार्तिकातलं धुकं पाण्याला टेकलं होतं. पलीकडचा काठ नव्हताच. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी द्रोणात झेंडूची फुलं, एक दिवा आणि माळ ठेवली, दोन्ही हात जोडले. बाटलेली माळ घरात ठेवायची नसते, ती गंगेलाच द्यायची. मनात म्हणाल्या, माझ्या पोरीचं सगळं पोटात घे, माय, तिला शांत कर. द्रोण बुडाला नाही. डुलत डुलत धुक्यात गेला आणि दिवा कितीतरी वेळ दिसत राहिला. परतताना त्यांना वाटलं होतं, आपल्या हातून आज काहीतरी मोठं पुण्य घडलं.

घरी आल्या तेव्हा संगीता गोठा धुंडाळत होती. दुपारपर्यंत मौन होतं, म्हणून सांगता आलं नाही. दुपार झाली, मौन सुटलं, आणि तरी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं. चौथ्या दिवशी, म्हणजे काल, सायली भर वर्गातून उठून पळाली ती थेट उसाच्या रस्त्यावर. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर करकचून थांबला. पोरगी वाचली. तिची एक चप्पल चाकाखाली गेली.

*

साखराबाई आत्या गेवराईहून पहिल्या बसनंच आल्या होत्या. राधाकिशन आणि बजरंग दोघांना लहानपणी त्यांनीच न्हाऊ-माखू घातलेलं, त्यामुळं या घरात त्यांच्या बोलण्याला दार नव्हतं.

"आगं संगे, पोरीला नीट कपडे तरी घाल. गुरुजी यायचेत अन् ही अशी फाटक्या फ्रॉकात."

"नवा घालू देईना, आत्याबाई. कापड टोचतं म्हणती."

"आमाला न्हाई कदी टोचलं. जेठाच्या उन्हात शालू गुंडाळून लगीन लागलं माजं."

"तवा तुमाला इच्यारलं कुणी असतं?" संगीता पोळी लाटता लाटता म्हणाली.

आत्यांना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात घेतलं. "तोंड बघा हिचं! ही केशर बघ. चार महिने झाले, दुपारपोत्तर तोंडातून शबूद न्हाई. न भांडणारी एकच बाई हाय या घरात."

केशरबाईंनी कटात फोडणी ओतली. चर्र आवाजात त्यांना स्वतःचा चेहरा लपवता आला.

गुरुजी आले ते उजवा हात जपत. नमस्कार करताना उजव्या मनगटावरची पट्टी दिसली. काल रस्त्यावरून सायलीला उचलून आणताना तिनं घेतलेला चावा. ओसरीवर राधाकिशननी त्यांना गादीवर बसवलं. गावचे माजी सरपंच ते, शाळेतलं काहीही त्यांच्याकडंच यायचं. बजरंग खांबाला टेकून उभा राहिला, नव्या पाहुण्यासारखा.

"दादा, मी तकरार घेऊन आलो नाही, जेवायलाच आलोय," गुरुजी म्हणाले. "पण तुम्ही विचारलं म्हणून बोलतो. चोवीस लेकरं, दोन इयत्ता, एक खोली, मी एकटा. काल तेवीस पोरं सोडून हिच्यामागं पळालो. चप्पल चाकाखाली गेली ती मी डोळ्यानं बघितली. रात्रभर तेच दिसत होतं."

"मंग काय करावं म्हणता?"

"नाव हजेरीत राहू द्या. परीक्षेला आणा. पण रोजचं... घरी असलेली बरी."

संगीता दारात आली. हाताला पीठ तसंच. "गुरुजी, माळ होती तवा बसत होती. तुमीच लिवलं, शेवटपर्यंत बसली म्हणून."

"लिहिलं, ताई. खोटं नाही लिहिलं. पण तिची दुसरी बाजूबी ऐका. ही बसायची आणि बाकीची तेवीस उठायची. सगळ्यांचे डोळे हिच्या हाताकडं, फळ्याकडं कुणी बघंना. एकाचा बाप शाळेत आला. म्हणला, तिला खेळणं चालतं, मग आमच्याला कावून न्हाई? काय सांगू त्याला?"

"सांगायचं, तिला त्याबिगर ऐकू येत न्हाई. आंधळ्याला काठी देतो, तवा बाकीचे काठी मागतेत का?"

"लेकरं सगळं मागतात, ताई."

"अन् ती माळ तरी हाय कुठं आता?" बजरंग एकदम बोलला, बायकोकडं न बघता. "तिच्यावरच पोरीचं सगळं होतं म्हणती, मंग सांबाळायची अक्कल पायजे. बसली हरवून."

"म्या न्हाई हरवली. उशाखाली ठिवलेली होती."

"मंग काय पाय फुटले तिला?"

आतमध्ये केशरबाईंचा उजवा हात गोमुखीत गेला आणि मणी ओढू लागला.

"जाऊ दे रे बजरंगा," आत्या म्हणाल्या. "घरीच ठिवा पोरीला. शेळ्या हायेत, आंगण हाय. केशर तिला जीव लावती. शाळा शिकून काय कलेक्टर व्हायचीय?"

"तिला मोजता येतं, आत्याबाई," संगीताचा आवाज फुटला. "शंभरपोत्तर. उलटंबी. घरी बसली की हेबी जाईल. मॅडम म्हणाल्यात, आता सुटलं तर पुन्ना धरायला वर्षं लागतील."

राधाकिशननी डोळे मिटून कपाळ चोळलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त ट्रॅक्टर दिसत होता. "आरती होऊ द्या," ते म्हणाले. "हिचं मौन सुटू द्या. मंग सांगतो. माझ्या मनात तर घरीच ठिवावं असं हाय."

*

आरतीला राधाकिशननी झांज घेतली. हाताच्या पट्टीमुळं गुरुजी एका हातानं मांडीवर ताल धरत होते. धूप, कापूर, तुपाच्या वाती. कोनाड्यातल्या देवांची तोंडं धुरात हसल्यासारखी झाली होती. पहिल्याच ठोक्याला सायलीनं कानांवर हात दाबले आणि ती भिंतीशी सरकत सरकत कोपऱ्यात गेली. तिचे ओठ हलत होते. झांजेत शब्द ऐकू येत नव्हते, पण केशरबाईंना ते माहीत होते. मणी, गाठ. मणी, गाठ.

हाही जपच आहे, त्यांच्या मनात आलं. माळ नसलेला जप.

आरती संपली. सगळे थांबले. केशरबाईंनी तिळातून घंटा उचलली. नवी घंटा, जड, गार. आत्यांनी हात जोडले. सायलीनं घंटा पाहिली, डोळे घट्ट मिटले आणि सगळं अंग आवळून घेतलं, अंगावर काही पडणार असल्यासारखं.

केशरबाईंनी घंटेचा लोलक मुठीत धरला. तशीच, एक थेंबही आवाज न सांडता, त्यांनी ती परत तिळात ठेवली.

"आगं, वाजव की," राधाकिशन म्हणाले.

मौन सुटताना पहिलं नाव देवाचं घ्यायचं असतं. अकरा वर्षं त्यांनी ते चुकवलं नव्हतं. आज तोंड उघडलं आणि आवाज आला तो त्यांनाच परका वाटला.

"माळ म्या नेली."

कुणालाच कळलं नाही.

"सायलीची माळ. उशाखालून म्या काढली. गंगेला सोडली, एकादशीला. तुळस उष्टी होती, पायाखाली येती, पोरीला पाप लागंल म्हणून सोडली." त्या थांबल्या. "ती पळाली ती माज्यामुळं. संगीताचा काई दोष न्हाई."

बजरंगनं मान खाली घातली. संगीता जिथं उभी होती तिथंच हळूहळू खाली बसली.

"आक्का, म्या उकिरडा उपसला," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "गव्हाणी झाडल्या. चार दिवस."

"ठाऊक हाय. म्या बघत होते."

"बघत होता?"

चार महिन्यांच्या मौनात जमा झालं असेल ते सगळं पुण्य त्या दोन शब्दांत सांडून गेलं, असं केशरबाईंना वाटलं. आणि सांडलं ते बरं झालं, असंही.

"बरूबर केलं केशरनी," आत्या म्हणाल्या. "तुळस काय चघळायची चीज हाय का?"

"आत्याबाई, तीर्थातली तुळस आपुन रोज कुठं घालतो? कानात?" केशरबाई म्हणाल्या. "मला ते चार दिवसांमागं सुचायला पायजे होतं."

आत्या एक पाऊल मागं सरकल्या. त्यांच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नव्हतं.

राधाकिशन खाकरले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण बोलणं तेच. "झालं ते झालं. पण गंगेत गेलेली माळ काय परत येती? अन् दुसरी ओवली तरी गुरुजी म्हणतेत, बाकीच्या पोरांचं ध्यान जातं. मंग फिरून तिथंच आलो की."

केशरबाईंनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात गोमुखीत होता. कधी गेला, त्यांना आठवत नव्हतं. कबुली देताना, संगीताच्या डोळ्यांत बघताना, सगळा वेळ अंगठा एकेक मणी ओढत होता. त्याशिवाय त्यांना उभं राहता आलं नसतं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आत्ता माजा हात काय करत होता?"

"दिसला नाही, बाई."

"कावून न्हाई दिसला?"

"पिशवीत होता ना..." गुरुजी म्हणाले आणि थांबले. त्यांनी लाल गोमुखीकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या सायलीकडं पाहिलं. मग पट्टी बांधलेला हातच त्यांनी कपाळाला लावला. "आमची आजी असाच जप करायची. पन्नास वर्षं. आम्हाला कधी वाटलंच नाही ती काही करतेय म्हणून."

केशरबाई सायलीजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. जवळ ओढलं नाही. गोमुखीचं तोंड उघडं करून मांडीवर ठेवली आणि वाट पाहिली. वाट पाहणं त्यांना येत होतं. सायलीनं आधी वास घेतला. मग फलाटीन गालावर घासली, एकदा, दोनदा, बराच वेळ. मग हात आत गेला.

"मणी," ती म्हणाली. थांबली. आतल्या आत बोटांनी काहीतरी तपासलं. "गाठ."

संगीतानं तोंडावर पदर घेतला.

"मणी, गाठ. मणी, गाठ." एकशे आठ मण्यांची माळ, सायलीला एवढी लांब वाट आजवर मिळाली नव्हती. कुणीच जेवायला उठेना. पुरणपोळ्या गार होत होत्या आणि पोरगी आपली चालली होती, कुठंतरी लांब, खांदे सैल सोडून. बऱ्याच वेळानं ती अडली. "मोठा मणी."

"त्यो मेरुमणी," केशरबाई म्हणाल्या. "त्येला वलांडायचं न्हाई. तितं पोचलं की माघारी फिरायचं."

"माघारी फिरायचं," सायली म्हणाली, आणि फिरली.

"अन् तुजा जप?" आत्यांनी हळूच विचारलं.

"बोटांची पेरं हायेत की."

राधाकिशननी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "हात झाकलेला असेल तर माझी ना नाही. पण दार उघडंच असतं, दादा. ती उठली तर मी किती पुरा पडणार?"

"आठ दिवस बघू," राधाकिशन म्हणाले. "एकदा जरी रस्त्यावर गेली, तर शाळा बंद. मंग मला कुणी काई म्हणायचं न्हाई."

पंगतीत बजरंगनं बायकोला पोळी वाढायला मदत केली. लग्नाला दहा वर्षं झाली, हे पहिल्यांदा. "मगाशी बोललो ते..." तो पुटपुटला. "पोळी वाढा आधी," संगीता म्हणाली. केशरबाईंना तिनं त्यानंतर दिवसभर आक्का म्हटलं नाही. पण सांजेला मारुतीला घंटा देऊन केशरबाई परत आल्या, तेव्हा ती दिव्यापाशी गोमुखीला गळ्यात अडकवायचा पट्टा शिवत बसली होती. मान वर न करता तिनं हात पुढं केला. केशरबाईंनी त्या हातात कात्री दिली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे केशरबाई तुळशीपुढं जपाला बसल्या. बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. नववं नाम की दहावं? पुन्हा पहिल्यापासून. मग मन दुधावर गेलं, दुधावरून ट्रॅक्टरवर. पुन्हा पहिल्यापासून. वाऱ्यानं तुळशीची मंजिरी हलली तरी ध्यान जात होतं. अकरा वर्षं त्यांना वाटायचं, आपलं चित्त स्थिर आहे. हाताला आधार होता एवढंच. आता रिकामी बोटं एकमेकांना चाचपत होती आणि डोकं बाजारासारखं भरत चाललं होतं. अशा डोक्यानं पोरगी चार दिवस बाकावर बसली होती!

दहाच्या सुमाराला त्या सायलीबरोबर शाळेत गेल्या आणि समोरच्या लिंबाखाली बसल्या. दार उघडं होतं. तिसऱ्या बाकावर सायली, गळ्यात लाल गोमुखी, उजवा हात आत. पोरांनी तासभर पिशवीकडं पाहिलं. पिशवी काहीच करत नव्हती. मग पोरं फळ्याकडं बघू लागली. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते. लिंबाची सावली सरकत सरकत केशरबाईंच्या पायावरून गेली.

मग सायली उठली.

केशरबाईही अर्ध्या उठल्या. आतमध्ये गुरुजींचा खडू फळ्यावर थांबला, पण ते वळले नाहीत. सायली बाकांमधून चालत आली, सरळ, न घाबरता, रस्त्याकडं बघत, दारापर्यंत. उंबऱ्यावर तिनं एक पाय ठेवला. गाणी वाजवत एक ट्रॅक्टर आला. धूळ उडाली. पिशवीतला हात हलत होता, हलत होता, आणि थांबला.

सायलीनं खाली उंबऱ्याकडं पाहिलं.

"मोठा मणी," ती म्हणाली, आणि माघारी फिरली.

ती बाकावर बसली. खडू पुन्हा चालू झाला. केशरबाई लिंबाला टेकून हळूच खाली बसल्या. मांडीवर त्यांना काहीतरी मऊ लागलं, म्हणून त्यांनी पाहिलं. त्यांच्या बोटांनी पदराचा काठ दोन वीत उसवून ठेवला होता.